सळई गंजू द्यायची नसेल तर आधी कव्हर सांभाळा

साइटवर नवीन आलेल्या मुलाच्या हातात मी पहिल्या दिवशी ड्रॉइंग देत नाही, टेप देतो. सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या फळ्यांच्या साच्याच्या, आत वाकून सळई आणि फळी यांच्यात किती अंतर आहे ते वीस ठिकाणी मोजून लिहून आण, एवढंच काम सांगतो. अर्ध्या तासाने तो घामाघूम होऊन येतो आणि म्हणतो, "साहेब, कुठे ४० मिमी आहे, कुठे २५ आहे, आणि त्या कोपऱ्यात तर सळई फळीलाच टेकलीय." मग मी त्याला सांगतो की पुढे हे काँक्रीट कुठून फुटणार ते तू आत्ताच शोधून काढलंस.

गंजरोधक रंग, रसायनं, महागड्या सळया या सगळ्यांबद्दल लोक खूप विचारतात. त्यांच्याकडे येऊच. पण सळईचं खरं संरक्षण करतो तो तिच्यावरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर. हा थर पुरेसा जाड आणि घट्ट असेल तर बाकीच्या गोष्टी जोडीला येतात. तोच पातळ आणि पोकळ असेल, तर बाकीच्या गोष्टी फक्त दुखणं पुढे ढकलतात.

सळई काँक्रीटमध्ये मुळात गंजत का नाही

सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होताना भरपूर चुना सुटतो. त्यामुळे काँक्रीटच्या बारीक छिद्रांतलं पाणी तीव्र अल्कधर्मी असतं. त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, १२.५ ते १३.५ भरतो. अशा पाण्यात लोखंडाच्या अंगावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. त्याची जाडी असते जेमतेम काही नॅनोमीटर, पण तो शाबूत आहे तोवर ओल आणि हवा आत पोचली तरी सळईला फारसं काही होत नाही.

हा पापुद्रा दोन वाटांनी मोडतो. पहिली वाट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची. तो छिद्रांतून आत शिरतो, चुन्याशी संयोग होऊन खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेट बनतो आणि पीएच ९ च्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. याला कार्बोनेशन म्हणतात. ते पृष्ठभागाकडून आत एखाद्या आघाडीसारखं सरकतं, पण जितकं आत जाईल तितकं मंदावतं: खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. हे गणित एकदा करून बघाच. समजा एखाद्या काँक्रीटमध्ये ही आघाडी ३० मिमी खोल जायला ३६ वर्षं लागतात. त्याच काँक्रीटमध्ये १५ मिमी जायला १८ वर्षं लागत नाहीत, फक्त ९ लागतात. कव्हर निम्मं झालं की आयुष्य पाव होतं. "एवढ्या-तेवढ्याने काय फरक पडतो" म्हणणाऱ्या फिटरला मी हेच गणित फळीवर खडूने लिहून दाखवतो.

दुसरी वाट मिठाची, म्हणजे क्लोराइडची. हा शत्रू जास्त कपटी. तो काँक्रीटचा पीएच उतरवत बसत नाही, थेट पापुद्र्याला ठिकठिकाणी भोकं पाडतो. सळई सगळीकडून सारखी झिजण्याऐवजी तिला खोल खड्डे पडतात. समुद्राचं पाणी आणि खारी हवा, न धुतलेली समुद्राची वाळू, मचूळ पाणी, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ, किंवा काँक्रीट लवकर आवळावं म्हणून घातलेलं कॅल्शियम क्लोराइड, यांतल्या कुठूनही ते येतं. सळईपाशी क्लोराइडचं प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्क्याच्या आसपास गेलं की धोका सुरू झाला असं साधारणपणे धरतात.

एकदा गंज सुरू झाला की तो जागा मागतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असतं. सळई मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकी झिजली तरी वरचं काँक्रीट आतून रेटा बसून तडकू शकतं. आणि तडकलं की पाणी-हवेला राजमार्ग मिळतो.

पहिली पायरी: कव्हर किती आणि कुठून मोजायचं

कव्हर किती ठेवायचं ते ड्रॉइंगवर असतं, आणि ते तुमच्या देशाच्या संहितेप्रमाणे, बांधकाम कसल्या हवेत उभं आहे यावरून ठरतं. घरातल्या कोरड्या स्लॅबला २० मिमी चालून जातं. सतत मातीला टेकलेल्या पायाला ५० मिमी आणि समुद्राच्या लाटा झेलणाऱ्या खांबाला त्याहून जास्त लागतं. हा आकडा स्वतःच्या मनाने कमी करायचा नाही. वाढवायचाही नाही, कारण कव्हर वाढवायला सळई आत ढकलली तर ताकद घटते, आणि फार जाड बिनसळईचा थर पृष्ठभागावर तडकतो.

मोजायचं कुठून, इथे नवखे हमखास चुकतात. मीही चुकलो होतो. उमेदवारीच्या दिवसांत एका इमारतीच्या कॉलमचं कव्हर मी मुख्य सळईपासून मोजलं. ड्रॉइंगवर ४० होतं, टेपवर ४० आलं, मी खूश. पण कव्हर मोजायचं असतं सर्वांत बाहेरच्या लोखंडापासून, म्हणजे मुख्य सळयांना बाहेरून वेढणाऱ्या रिंगेपासून. रिंग ८ मिमीची, त्यात थोडी वाकडी बांधलेली. प्रत्यक्षात कुठे ३० मिळालं, तर कुठे २० सुद्धा. बारा वर्षांनी तिथे गेलो तेव्हा कॉलमवर दर १५० मिमीवर आडव्या तांबूस रेषा उमटल्या होत्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. प्रत्येक रेषेमागे माझी एकेक रिंग होती.

दुसरी पायरी: सळई साठवणं आणि बांधणं

सळई जमिनीवर टाकू नका. खाली लाकडी ओंडके किंवा काँक्रीटचे ठोकळे द्या, वर ताडपत्री टाका, पण हवा खेळू द्या. हलका तांबूस गंज असेल तर घाबरायचं कारण नाही. गोणपाटाने घासून निघत नाही असा पातळ गंज काँक्रीटच्या पकडीला बाधत नाही. मात्र पापुद्रे सुटत असतील तर तारेच्या ब्रशने घासून काढा. खड्डे पडलेली सळई बाजूला ठेवा आणि इंजिनिअरला दाखवा. खाऱ्या वाऱ्यात महिनोन्‌महिने पडून असलेली सळई बांधण्याआधी गोड्या पाण्याने धुवा. तिच्या अंगावरचं मीठ तुम्ही स्वतःच्या हाताने आत गाडू नये. तेल, ग्रीस, चिखल यांतलं काहीही अंगावर राहता कामा नये. सेंट्रिंगचं तेल फळ्यांना लावायचं असतं, आणि तेही सळई बसवायच्या आधी.

आता कव्हर ब्लॉक. सळई आणि फळी यांच्यात अंतर राखणारा, हाताच्या तळव्यात मावणारा हा ठोकळा साइटवरची सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. तो निदान मूळ काँक्रीटइतक्याच ताकदीचा आणि तितकाच घट्ट हवा. उरलेल्या मालातून, पाणी न मारता बनवलेला ठिसूळ ब्लॉक म्हणजे बाहेरच्या ओलीला सळईपर्यंत नेणारी वात. खडीचा दगड, विटेचा तुकडा, लाकडाची चिपटी यांतलं काहीही ब्लॉकच्या जागी चालणार नाही. सळईचा तुकडा तर मुळीच नाही, कारण त्याचं एक टोक पृष्ठभागावर उघडं राहतं आणि गंज तिथून थेट आत चालत जातो. साधारण दर मीटरला एक ब्लॉक द्या, बारीक सळई असेल तर त्याहून जवळ. तारेने पक्का बांधा, नाहीतर माल ओतताना तो घरंगळतो. खांबाला आणि भिंतीला बाजूंनीही ब्लॉक लागतात, हे खूपजण विसरतात.

बायंडिंग वायरची, म्हणजे सळया बांधायच्या तारेची, टोकं आतल्या बाजूला वळवा. फळीकडे तोंड करून राहिलेलं टोक म्हणजे कव्हरला पडलेलं भोक. त्याचा तांबडा ठिपका फळ्या काढल्यावर काही आठवड्यांतच दिसतो.

स्लॅबच्या वरच्या जाळीला खुर्च्या, म्हणजे जाळी उचलून धरणारे आधार, पुरेशा द्या आणि चालण्यासाठी फळ्या टाका. ओतकामाच्या दिवशी डोक्यावर घमेलं घेतलेली माणसं जाळीवरून चालतात, सळई दबते आणि सकाळी टेपने मोजलेलं सगळं दुपारी खोटं ठरतं.

तिसरी पायरी: माल, म्हणजे मुख्यतः पाणी

सिमेंट पुरतं घट्ट व्हायला त्याच्या वजनाच्या सुमारे ४० टक्के पाणी पुरतं. त्यावर घातलेलं पाणी रासायनिक कामात खर्च होत नाही, ते नंतर उडून जातं आणि मागे बारीक नळ्यांचं जाळं सोडतं. कार्बन डायऑक्साइड आणि मीठ याच नळ्यांतून आत येतात.

५० किलोच्या एका पोत्याला पाणी-सिमेंटच्या ०.४५ या प्रमाणाने साडेबावीस लिटर पाणी लागतं. माल जड वाटतोय म्हणून कुणी दहा लिटरची एक बादली वरून ओतली, की प्रमाण थेट ०.६५ वर जातं. बादली ओतायला पाच सेकंद लागतात. माल पातळ हवाच असेल तर प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, वापरा, बादली नको. आणि वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी हिशोबात धरून तेवढं कमी घाला. खारट हवेतल्या कामाला प्रमाण ०.४० ते ०.४५ च्या वर जाऊ देऊ नये.

पाणी गोडं हवं. समुद्राची वाळू वापरायचीच असेल तर धुऊन आणि तपासून. आणि मालात घालायचं कोणतंही रसायन विकत घेताना ते क्लोराइडमुक्त आहे असं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं बघून घ्या.

फ्लाय अॅश (कोळशाची राख), स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी) किंवा सिलिका फ्यूम (सिलिकाची अतिबारीक भुकटी) घातलेलं सिमेंट मिठाला रोखायला फार चांगलं, कारण छिद्रं बारीक होतात. पण सिमेंटमधून सुटलेला काही चुना या पदार्थांशी खर्च होतो, त्यामुळे कार्बोनेशनला अडवणारा साठा घटतो. शिवाय असं काँक्रीट हळू पिकतं. याला पाणी कमी मारलं तर साध्या सिमेंटपेक्षा वाईट गत होते. म्हणून असं सिमेंट घेतलं की पाणी मारायचे दिवस वाढवायचेच.

चौथी पायरी: ओतताना

व्हायब्रेटरची सुई उभी घाला, बुडबुडे येणं थांबेपर्यंत ठेवा, सावकाश वर काढा. सळईला लावून थरथरवू नका. फळ्यांच्या सांध्यांतून सिमेंटचं पाणी गळत असेल तर सांधे आधीच बुजवा, कारण दुधासारखं पाणी निघून गेलं की मागे नुसती खडी आणि वाळू उरते. त्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ जागेत सळई उघडीच पडते.

फळ्या काढल्यावर अशी जागा दिसली तर मिस्त्री हळूच थोडं सिमेंट फासून ती लपवतो. फासू देऊ नका. सैल भाग खरवडून, भिजवून, योग्य दुरुस्तीच्या मालाने भरा. वरवरच्या फासणीखाली पोकळी तशीच राहते, आणि आता ती कुणाला दिसतही नाही.

पाचवी पायरी: पाणी मारणं

लोक म्हणतात, ताकद यावी म्हणून पाणी मारायचं. खरं आहे, पण सळईच्या दृष्टीने कारण वेगळं आहे. काँक्रीट सुकतं ते बाहेरून. आतला गाभा स्वतःच्या ओलीवर बऱ्यापैकी पिकतो, पण बाहेरचे ३०-४० मिमी, म्हणजे नेमकं आपलं कव्हर, पहिल्या दोन दिवसांत कोरडं पडून कच्चं राहतं. मग चाचणीचे क्यूब उत्तम निघतात, कारण ते पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलेले असतात, आणि प्रत्यक्ष कॉलमची कातडी मात्र स्पंजासारखी असते.

साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, फ्लाय अॅश किंवा स्लॅगच्या सिमेंटला १० ते १४ दिवस सलग ओल हवी. सकाळ-संध्याकाळ पाइपने फवारा मारून मध्ये वाळू देणं म्हणजे ओल नव्हे. स्लॅबवर आळी करून पाणी साठवा. कॉलमला गोणपाट गुंडाळा, वरून प्लास्टिक बांधा. दुपारी गोणपाटाला हात लावून बघा. गार आणि ओलं लागलं पाहिजे.

पुढच्या मजल्यासाठी वर काढून ठेवलेल्या सळया महिनोन्‌महिने उघड्या राहणार असतील तर त्यांना सिमेंटची घट्ट पेस्ट लावा किंवा प्लास्टिकने झाका. पुन्हा काम सुरू करताना पोपडे आलेली पेस्ट ब्रशने काढून टाका.

ज्यादा संरक्षण, कधी घ्यावं

वरचं सगळं नीट होत असेल आणि तरीही जागा वाईट असेल, म्हणजे समुद्रकाठ, मिठाचे रस्ते, रसायनांचा कारखाना, तर पुढचे उपाय बघा.

इपॉक्सीचा लेप दिलेली सळई ऐकायला छान वाटते, पण ती नाजूक प्रकृतीची आहे. साखळीने उचलली, ओढली, वाकवली की लेप खरचटतो, आणि मग गंज त्या खरचट्यातून लेपाखाली पसरतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांवरच्या पुलांत १९८० च्या सुमारास अशा सळया वापरल्या होत्या. लाटांचं पाणी उडणाऱ्या पट्ट्यातल्या खांबांत त्या काही वर्षांतच गंजलेल्या सापडल्या. वापरायचीच तर उचलायला नायलॉनचे पट्टे घ्या, लेप दिलेली तार वापरा आणि कापलेल्या प्रत्येक टोकाला पुन्हा लेप लावा. हे सगळं काटेकोर करणारी माणसं हाताशी नसतील तर मी ती घेणार नाही.

जस्ताचा मुलामा दिलेली सळई घासाघीस जास्त सोसते आणि कार्बोनेशनच्या जागी चांगलं काम देते. खूप मीठ असेल तिथे ती गंज लांबवते, टाळत नाही.

स्टेनलेस स्टील महाग, पण त्याची साक्ष मेक्सिकोत समुद्रात उभी आहे. युकातानमधल्या प्रोग्रेसोचा दोन किलोमीटरहून लांब धक्का १९३७ ते १९४१ मध्ये स्टेनलेस सळई घालून बांधला. तो वापरात राहिला. त्याच्या शेजारी नंतर साध्या सळईने बांधलेल्या धक्क्याचे नुसते अवशेष उरले. सगळी इमारत स्टेनलेसची करायची गरज नसते. पाण्याचे फटके खाणाऱ्या भागापुरती वापरली तरी चालते, आणि काँक्रीटच्या आत ती साध्या सळईला जोडली तर सहसा त्रास होत नाही.

मालातच घालायचं गंजरोधक म्हणून कॅल्शियम नायट्राइट जुनं आणि पारखलेलं आहे. किती घालायचं ते मीठ किती येणार यावर ठरतं आणि ते माल लवकर आवळवतं, तेव्हा अंदाजपंचे घालू नका. बाहेरून मारायच्या सायलेनसारख्या द्रवाने पृष्ठभाग पाणी शोषत नाही, आतली वाफ मात्र बाहेर पडू शकते. तो कोरड्या, शाबूत पृष्ठभागावरच मारायचा आणि काही वर्षांनी पुन्हा.

बांधून झाल्यावर लक्ष कुठे ठेवायचं

सतत ओलं किंवा सतत कोरडं काँक्रीट तुलनेने बरं. जिथे ओल येते-जाते तिथे गंजाला पाणीही मिळतं आणि हवाही. म्हणून छज्जाची कड, गच्चीचा उतार चुकलेला कोपरा, गळक्या नळाखालचा स्लॅब, टाकीचा तळ या जागा आधी बघा. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच असेल तर थेंब तिथेच सुटतो, नाहीतर पाणी पोटाखालून भिंतीपर्यंत ओघळतं.

भेगेची दिशा बघायला शिका. सळईला आडवी जाणारी बारीक भेग बहुधा भाराची किंवा आकसण्याची असते. सळईच्या रेषेने तिच्या अंगावरून धावणारी भेग दिसली, वर तांबूस ओघळ असला, की आत गंज आहे असं धरून चाला. मग लहान हातोडीने ठोकत जा. शाबूत काँक्रीट टणत्कार देतं, सुटलेला थर घुमतो. खडूने घुमणाऱ्या भागाची हद्द आखून ठेवा.

कार्बोनेशन किती आत गेलंय ते फिनॉल्फथॅलिनने कळतं. अल्कोहोलमध्ये केलेलं त्याचं १ टक्क्याचं द्रावण ताज्या फोडलेल्या, धूळ पुसलेल्या पृष्ठभागावर फवारा. शाबूत भाग क्षणात गडद गुलाबी होतो, कार्बोनेशन झालेला भाग राखाडीच राहतो. गुलाबी रंगाची सीमा सळईपासून किती दूर आहे ते मोजा. ही सीमा सळईच्या अगदी जवळ आली असेल तर निश्चिंत राहू नका, कारण रंग बदलण्याच्या थोडं आधीच पीएच उतरायला लागलेला असतो. आणि हे द्रावण मिठाबद्दल काहीही सांगत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी काढून प्रयोगशाळेत द्यावी लागते.

गंज लागलाच तर

सर्वांत वाईट उपाय म्हणजे पोपडा पडलेल्या जागी प्लास्टर करून रंग देणं. दोन वर्षांत तो पोपडा दुप्पट मोठा होऊन खाली येतो, कधी कुणाच्या डोक्यावर.

तोडायच्या आधी इंजिनिअरला बोलवा आणि गरज असेल तिथे टेकू लावा. गंजलेली सळई तिच्या मागेही बोटभर, म्हणजे २० ते २५ मिमी, मोकळी करा. अर्धी सळई नव्या मालात आणि अर्धी जुन्यात असं ठेवू नका. दोन्ही टोकांना चकचकीत, बिनगंजाचं लोखंड दिसेपर्यंत खणत जा. खड्ड्यांमधला गंज निघेपर्यंत सगळीकडून घासा. मीठ असेल तर पाण्याच्या जोराने धुवा. सळईची जाडी किती उरली ते मोजून इंजिनिअरला द्या. जोडसळई लागते का, ते तो ठरवेल. मग दुरुस्तीचा तयार माल भरा, आणि त्यालाही पाणी मारा.

मिठाच्या जागी एक गोष्ट अनुभवी माणसांनाही फसवते. जी जागा गंजत होती, ती स्वतः झिजून आजूबाजूच्या सळईला वाचवत होती. तिथे नवा, अल्कधर्मी माल भरला की ती गंजायची थांबते, आणि शेजारच्या मीठ मुरलेल्या काँक्रीटमधली सळई तिच्या जागी गंजायला लागते. ठिगळ शाबूत राहतं आणि त्याच्या भोवती कंकणासारखी नवी भेग फुटते. म्हणून मीठ असलेलं काँक्रीट ठोकून घुमणाऱ्या भागाच्या पलीकडेही काढावं लागतं, किंवा ठिगळाच्या कडेला सळईला जस्ताचे छोटे अॅनोड बांधून ते मालात गाडतात. जस्त झिजतं, सळई वाचते. मोठ्या पुलांना आणि धक्क्यांना याच तत्त्वावर बाहेरून बारीक विद्युतप्रवाह देऊन कॅथोडिक संरक्षण करतात. ते काम त्यातल्या जाणकाराचं.

दुरुस्ती झाल्यावर ठिगळाची हद्द फोटोत आणि नकाशावर नोंदवून ठेवा. वर्षभराने हातोडी घेऊन परत जा, पण ठिगळावर ठोकू नका. त्याच्या कडेने बाहेर वीतभर अंतरावर ठोकत फिरा.